टवका उडालेला दात : उपचारांचे पर्याय आणि आपला निधी

(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत प्रशासनाच्या वतीने जमाखर्चाचा गोषवारा सादर करण्याची प्रथा आहे. तो लेखापरीक्षकांच्या अहवालासह याच पुस्तिकेत पुढे छापलेला असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्याऐवजी वरकरणी अगदी लहान वाटणाऱ्या एका विषयासाठी आपला थोडा वेळ घ्यावा, असे आम्ही ठरविले. विषय आहे पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळे टवका उडालेल्या पटाशीच्या दाताचा. डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग यांविषयी ऐकण्याची सवय असलेल्या या सभागृहाला हा विषय किरकोळ वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे.

तो निवडण्यामागे कारण आहे. मागील सभेनंतर चहापानाच्या वेळी एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांला विचारले होते की, ज्या पैशांत एखाद्या गरीब रुग्णाचे डायलिसिस होईल, तो पैसा कोणाच्या तरी दाताचा कोपरा सांधण्यात का घालवावा? प्रश्न रोखठोक होता आणि त्यामागे निधीविषयीची आस्थाच होती. अशा प्रश्नाचे उत्तर हसून टाळणे योग्य नव्हे. आम्ही कार्यालयात बसून हिशेब पाहणारी माणसे. उपचार करणे हे दंतशल्यचिकित्सकांचे काम. तेव्हा पुढे जे सांगितले आहे ते त्यांच्याकडून समजून घेऊन, त्यांच्या नजरेखालून घालून सांगितले आहे. हिशेबाची दृष्टी मात्र आमची आहे आणि तिची जबाबदारीही आमचीच.

आरंभी दाताच्या रचनेविषयी थोडेसे. दाताचे बाहेरचे पांढरे कवच म्हणजे इनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्याच्या आत पिवळसर छटेचे डेंटिन असते. त्यात अत्यंत सूक्ष्म नलिका असतात. म्हणून ते उघडे पडले की थंड पाणी किंवा वारा लागताच दात ठणकतो. सर्वांत आत मज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ जिवंत भाग. लोक याला दाताची नस म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हाड मोडले तर प्लॅस्टर घालून काही आठवड्यांत ते सांधते, त्वचा कापली तर भरून येते. इनॅमल मात्र पुन्हा येत नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर हे असे मुद्दल आहे की ज्यात जन्मभर नव्याने भर पडत नाही, फक्त वजावट होत राहते. पुढे जे उपचारांचे पर्याय सांगणार आहोत, त्यांतील प्रत्येक पर्याय या मुद्दलातून किती रक्कम काढून घेतो, हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दंतवैद्यकाची आजची दिशाही तीच आहे.

दात तुटण्याचे प्रसंग आपल्या भागात कोणते, हे बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत वाचावयास मिळते. घसरगुंडीवरून किंवा सायकलवरून पडलेली मुले, कबड्डीत डोक्याला तोंड आपटलेले तरुण, हातपंपाचा दांडा उसळून तोंडावर बसलेल्या मुली, दुचाकीवरून हेल्मेटविना घसरलेले प्रौढ. त्याखेरीज दाताने सुपारी फोडणारे, बाटलीचे झाकण उघडणारे आणि ऊस सोलणारेही आहेतच. (उसाच्या पट्ट्यात राहून दाताने ऊस सोलू नका असे सांगणे कठीण आहे, हे आमचे दंतवैद्यही मान्य करतात.) हा प्रश्न केवळ आपल्या जिल्ह्याचा नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, दातांना आघाती इजा झालेली एक अब्जाहून अधिक माणसे आज जगात हयात आहेत. यांत बहुतांश वेळा बळी पडतात ते वरचे समोरचे दोन दात, आणि तेही शाळकरी वयात.

आता पर्यायांकडे वळू. केवळ इनॅमलची बारीक कपची उडाली असेल तर फारसे काही करावे लागत नाही. धारदार कड घासून गुळगुळीत केली की जीभ व ओठ कापत नाहीत. फार तर थोडे साहित्य लावून कोपरा पूर्ववत करता येतो. अशा रुग्णास एक्स-रे काढून धीर देऊन घरी पाठविणे हाच उत्तम उपचार होय. तेवढ्यासाठी कोणी कॅप सुचविली तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत अवश्य घ्यावे, असे आम्ही नातेवाइकांना स्पष्टपणे सांगतो.

डेंटिनपर्यंत तुटलेला दात ही मात्र खरी मोठी संख्या, आणि येथेच वेळेला किंमत आहे. नातेवाइकांनी सर्वप्रथम एक करावे : तुटलेला तुकडा शोधावा. तो पदराच्या किंवा रुमालाच्या गाठीत कोरडा बांधून आणण्याची रीत आहे. ती सोडून तो दुधात किंवा स्वच्छ पाण्यात घालून आणावा. कोरडा झालेला तुकडा पांढुरका पडतो आणि नीट चिकटत नाही. तुकडा स्वच्छ व शाबूत असेल तर तोच दातावर पुन्हा जोडता येतो. जेरुसलेममधील चोसाक व आयडेलमन या दंतवैद्यांनी असा तुकडा जोडल्याचा वृत्तांत १९६४ साली प्रसिद्ध केला होता. दंत-आघातांच्या उपचारांसाठी २०२० साली सुधारण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हा पर्याय नमूद आहे. जोडण्यापूर्वी कोरडा पडलेला तुकडा वीस मिनिटे पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवून ठेवावा, असे त्या सांगतात. रंग त्याच दाताचा, आकार त्याच दाताचा, झीजही त्याच दाताच्या गतीने. आणि मुद्दलातून वजावट जवळपास शून्य. सर्वांत उत्तम आणि सर्वांत स्वस्त असे दोन्ही गुण एकाच उपचारात एकत्र आल्याचे उदाहरण वैद्यकात क्वचितच आढळते.

तुकडा सापडलाच नाही तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ओठ फाटला असेल तर तो तुकडा ओठाच्या आत रुतून बसलेला असू शकतो. म्हणून सुजलेल्या ओठाचाही एक्स-रे काढतात. पडल्यानंतर मूल खोकू लागले असेल किंवा काही वेळ बेशुद्ध झाले असेल, तर तुकडा श्वासनलिकेत गेला नाही ना, याची खात्री छातीच्या एक्स-रेने करून घेतली जाते. ‘दात तुटला आणि छातीचे चित्र कशाला?’ अशी तक्रार आमच्या बिलांबाबत काही वेळा येते. तिचे उत्तर हे आहे.

तुकडा हाती नसेल तेव्हा दंतवैद्य कंपोझिट नावाच्या दाताच्या रंगाच्या साहित्याने कोपरा घडवितात. लोक याला सिमेंट म्हणतात. परंतु ते सिमेंट नव्हे, आणि त्यामागचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. पूर्वी दातावर काही टिकवायचे तर दात कोरून त्यात खाच करावी लागे, म्हणजे जोडण्यासाठी आधी आणखी तोडावे लागे. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ साली दाखवून दिले की, फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद इनॅमलवर लावून धुऊन टाकले असता तो पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत होतो आणि त्यावर ॲक्रिलिक घट्ट चिकटते. त्यानंतर राफेल बोवेन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी नवे राळसदृश रसायन तयार केले. आजच्या बहुतेक कंपोझिटचा पाया तेच आहे. या दोन शोधांनी लक्षावधी दात कोरले जाण्यापासून वाचले.

आज हे काम साधारणतः एका बैठकीत होते. दात कापसाच्या गुंडाळ्यांनी किंवा रबरी पडद्याने कोरडा ठेवायचा, आम्ल लावून धुवायचे, चिकट द्रव लावायचा आणि मग साहित्याचा एकेक पातळ थर देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करायचा. लाळेचा थेंब मध्ये आला तर सगळे श्रम वाया. दाताचा रंग एकच नसतो; कडेला तो काहीसा पारदर्शक, हिरडीजवळ पिवळसर असतो. ही छटा जुळविणे हे हातातले कसब आहे. ‘एवढ्याशा ठिपक्याला एवढे पैसे?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना आम्ही सांगतो की, ठिपका लहान असला तरी कारागिराचा वेळ, आयात साहित्य, निळ्या प्रकाशाचा दिवा आणि निर्जंतुकीकरण यांचा खर्च ठिपक्याच्या मापाने कमी होत नाही.

कंपोझिटला मर्यादा आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. त्यावर चहाचा, हळदीचा, तंबाखूचा आणि मिश्रीचा डाग बसतो. काही वर्षांनी कड झिजते किंवा पुन्हा टवका उडतो. पेन्सिल चावणे, नखे कुरतडणे, दाताने दोरा तोडणे या सवयी असतील तर ते लवकर निघते. परंतु ते निघाले तर पुन्हा बसविता येते, आणि खालचा दात जवळजवळ पूर्ववतच असतो. पुन्हापुन्हा करावे लागते म्हणून हा उपचार हलका, असा समज आपल्याकडे आहे. आमचे मत याउलट आहे. जो उपचार फसल्यास परत फिरता येते, तो तरुण वयात अधिक सुरक्षित होय.

ज्या दिवशी पूर्ण काम करण्याइतका वेळ नसेल किंवा ओठाला टाके घालावयाचे असतील, त्या दिवशी उघडे डेंटिन ग्लास आयनोमरसारख्या साहित्याने झाकून मुलाला घरी पाठविता येते. हे झाकणे मात्र टाळू नये. उघड्या नलिकांतून जंतू आत शिरतात, आणि साधा टवका काही महिन्यांनी नसेचा आजार होऊन परत येतो.

यानंतर नस उघडी पडलेला दात. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसतो, रक्त येते, मूल कळवळते. पूर्वी अशा वेळी नस काढून टाकणे, म्हणजे रूट कॅनाल, हाच मार्ग समजला जाई. प्रौढांत आजही बहुतेकदा तोच मार्ग धरावा लागतो, विशेषतः रुग्ण उशिरा आला असेल तर. मुलांची गोष्ट वेगळी आहे. वरचा पटाशीचा दात सातव्या-आठव्या वर्षी तोंडात येतो, पण त्याच्या मुळाची वाढ पूर्ण होण्यास त्यानंतर सुमारे तीन वर्षे लागतात, आणि ती वाढ जिवंत नसेच्या जोरावरच होते. आठ वर्षांच्या मुलाची नस मेली तर मुळाच्या भिंती पातळच राहतात आणि असा दात पुढे क्षुल्लक धक्क्यानेही मोडतो. म्हणून अशा मुलांमध्ये नसेचा फक्त वरचा सुमारे दोन मिलिमीटर भाग काढून, त्यावर औषधी थर देऊन, दात बंद करतात. स्वीडनमधील मिओमिर क्वेक यांनी १९७८ साली अशा ६० दातांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९६ टक्के दातांची नस बरी झाली होती. त्या काळी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरीत. आता दाताला काळपट न करणारी कॅल्शियम सिलिकेटची साहित्येही उपलब्ध आहेत. ती महाग आहेत. एका मुलाला लागते ती मात्रा मात्र चिमूटभर असते.

येथे हिशेबाचा मुद्दा स्पष्ट होतो. वेळेवर आलेल्या मुलाला एक बैठक, थोडे औषधी साहित्य आणि कंपोझिट पुरते. तेच मूल वर्षभराने हिरडीला पू होऊन आले तर अर्धवट वाढलेल्या मुळाचा गुंतागुंतीचा उपचार, अनेक फेऱ्या आणि तरीही दात जाण्याची टांगती भीती. दात गेला तर काढता-घालता येणारा कृत्रिम दात, आणि जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर ब्रिज किंवा इम्प्लांट. ही यादी वाढत जाते आणि प्रत्येक पायरीवर रकमेला आणखी एक शून्य जोडले जाते. पालक उशीर का करतात, याचा शोध घेतला असता उत्तर बहुधा एकच मिळते : दुखायचे थांबले होते. दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे; नस मेली की दुखणेही थांबते. मग दात हळूहळू करडा पडतो.

आता कॅप आणि व्हिनियर यांविषयी. या पर्यायांबाबत सर्वाधिक आग्रह धरला जातो, म्हणून थोडे सविस्तर बोलणे भाग आहे. व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटविलेला चिनी मातीचा पातळ पापुद्रा. १९३० च्या दशकात हॉलिवूडमधील दंतवैद्य चार्ल्स पिंकस चित्रपटातील नटांच्या दातांवर असे मुखवटे चित्रीकरणापुरते तात्पुरते चिकटवीत. ते कायमचे चिकटविण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुळली. कॅप म्हणजे दात सर्व बाजूंनी घासून लहान करायचा आणि त्यावर टोपी बसवायची. २००२ साली एडेलहॉफ व सोरेन्सन यांनी समोरच्या दातांवर कोणत्या उपचारासाठी किती दात घासला जातो, हे वजन करून पाहिले. व्हिनियरसारख्या चिकटविण्याच्या पद्धतींत दाताच्या वरच्या भागाचा ३ ते ३० टक्के अंश जातो, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. म्हणजे कोपऱ्यापुरता तुटलेला दात कॅपसाठी तयार करताना अपघाताने जेवढा घेतला त्याहून कितीतरी अधिक भाग उपचारच घेतो. रुपयातले दोन आणे हरवले म्हणून आणखी दहा आणे खर्च करून पाकीट नवे घेण्यासारखे हे झाले.

कॅप वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दाताचा बराचसा भाग गेला असेल, रूट कॅनाल झालेला दात ठिसूळ झाला असेल, तेथे कॅपच दाताला सांभाळते. प्रौढाच्या दाताचा मोठा दर्शनी भाग खराब झाला असेल तर व्हिनियर हा चांगला आणि टिकाऊ पर्याय आहे. आक्षेप आहे तो घाईला. दहावीतील मुलीला घेऊन तिचे वडील येतात आणि म्हणतात, ‘साहेब, कायमचे काय ते एकदाच करून टाका, पुढे लग्नकार्य आहे.’ त्या शब्दांमागील काळजी आम्हांला समजते. परंतु त्या वयात हिरडीची कड अजून सरकत असते, दाताची नस मोठी असते आणि घासताना तिला इजा होण्याचा धोका अधिक असतो. शिवाय कायमचे असे काही नसते. कॅपही काही वर्षांनी बदलावी लागते आणि तेव्हा आत शिल्लक दात कमीच असतो. आमचे दंतवैद्य अशा मुलीला कंपोझिट करून देतात आणि वडिलांना वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावयास सांगतात. काही पालक नाराज होऊन दुसरीकडे जातात, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्यांना परत आणण्यासाठी आम्ही आमचा सल्ला बदललेला नाही.

तुटण्याची रेघ हिरडीखाली मुळापर्यंत गेली असेल तर प्रत्येक दाताचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. कधी दात वाचतो, कधी काढावा लागतो. दुधाच्या दातांबाबत सहसा कमीत कमी हस्तक्षेप करतात. आणि संपूर्ण दातच मुळासकट निखळून हातात आला तर, तो कायमचा दात असल्यास, मुळाला हात न लावता, वरच्या भागाला धरून, मळला असेल तर हलकेच धुऊन जागच्या जागी बसवावा आणि रुमाल चावून धरावयास सांगून तत्काळ यावे. ते जमले नाही तर दात दुधात ठेवून यावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. त्याखाली असलेल्या कायमच्या दाताला त्याने अपाय होऊ शकतो.

आता त्या देणगीदारांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या देशात बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दंतोपचार वगळलेले असतात. अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच काही प्रमाणात ते मिळतात. तुटलेल्या दातासाठी कोणी दाखल होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात, आणि इतर रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तो निधी आमच्याकडे नियमितपणे जमा होतो आणि खर्चही होतो. परंतु त्याचा ओघ स्वाभाविकपणे खाटेवरील गंभीर रुग्णाकडे जातो; तो तसा जावा, हे आम्हांलाही मान्य आहे. परिणामी टवका उडालेल्या दाताचा रुग्ण सगळ्याच योजनांच्या फटीतून खाली गळतो. मोलमजुरी करणारा बाप मुलाच्या दाताला ‘पुढच्या पगाराला पाहू’ म्हणतो, आणि वर सांगितलेली महागड्या उपचारांची यादी तेथून सुरू होते.

डायलिसिस की दात, असा प्रश्न समोरासमोर ठेवला तर उत्तर डायलिसिसच. परंतु प्रत्यक्षात निधीची निवड तशी होत नसते. डायलिसिसच्या निधीला हात लावण्याचा कोणताही विचार प्रशासनापुढे नाही. एका विश्वस्तांनी दुसरा आक्षेप नोंदविला होता की, हे सौंदर्याचे काम असून ते दानाच्या पैशांतून होऊ नये. या आक्षेपाला आधार आहे आणि म्हणून कुठे रेघ ओढावयाची, हे आम्ही दंतविभागाशी चर्चा करून ठरविले. शाबूत दात अधिक शुभ्र किंवा सुबक करणे हे सौंदर्याचे काम. त्याचे पूर्ण शुल्क रुग्णाने द्यावे. अपघाताने तुटलेला दात पूर्ववत करणे हा इजेवरील उपचार. वर्गात उत्तर देताना तोंडावर हात धरणारी मुलगी आणि हसू नये म्हणून फोटोत मागे उभा राहणारा मुलगा यांना दुसऱ्या गटात घालण्यास आमची लेखणी कचरली नाही.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा कायमचा दात अपघाताने तुटला असल्यास त्याला रोखपालाच्या खिडकीवर न थांबविता थेट दंतविभागात पाठवावे, त्याच दिवशी दात किमानपक्षी झाकला जावा, आणि शुल्काचा विचार नंतर कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे व्हावा. त्यासाठी लागणाऱ्या साहित्याचा एक स्वतंत्र निधी असावा. नुसते ‘दात कोरून पोट भरत नाही’ म्हणतात, त्याप्रमाणे नोंदणी शुल्कात दहा-वीस रुपये वाढवून हा खर्च निघणार नाही.

येथे देणगीदारांना एक नम्र विनंती आहे. दंतखुर्ची देण्यास अनेक जण उत्सुक असतात; तिच्यावर पूर्वजांच्या नावाची पाटी लावता येते, आणि ती इच्छा गैर नाही. आमच्याकडे खुर्च्या पुरेशा आहेत. वर्षाच्या मध्यावर कमी पडते ते कंपोझिट, चिकट द्रव, कॅल्शियम सिलिकेट आणि एक्स-रेचे साहित्य. यांना वापराची मुदत असते. ते साठवून ठेवता येत नाही, थोडे थोडे पण सतत घ्यावे लागते. त्यावर पाटी लावता येत नाही. खुर्चीचा घसारा आम्ही ताळेबंदात दाखवितो, संपलेल्या ट्यूबचा उल्लेख ताळेबंदात कुठेही दिसत नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपली देणगी ‘दंत-अपघात साहित्य’ या शीर्षाखाली, शक्यतो तिमाही हप्त्यांत द्यावी.

प्रस्तावाचा आणखी एक भाग पैशांचा कमी आणि चिकाटीचा अधिक आहे. मार लागलेला दात त्या दिवशी धडधाकट दिसला तरी काही महिन्यांनी त्याची नस मरू शकते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासणी व एक्स-रे आवश्यक असतो. नसेवर उपचार झाला असेल तर मधल्या तिसऱ्या व सहाव्या महिन्यातही. नातेवाईक पहिल्या दिवशी धावत येतात आणि नंतर येत नाहीत. त्यात एस. टी.चे भाडे, बुडणारी मजुरी, शाळेची परीक्षा अशी खरी कारणे असतात. अशा मुलांची स्वतंत्र नोंदवही ठेवून नोंदणी कक्षातील एका लिपिकाने तारखेच्या आठवडाभर आधी पालकांना दूरध्वनी करावा आणि फेरतपासणी रविवारच्या सकाळी ठेवावी, असे सुचविले आहे. दंतविभागातील डॉक्टरांनी महिन्यातून एक रविवार देण्याचे मान्य केले आहे, त्याबद्दल त्यांचे या व्यासपीठावरून आभार मानतो. फेरतपासणीचे शुल्क आकारू नये, असेही प्रस्तावात आहे.

परिसरातील शाळांच्या मुख्याध्यापकांना पाठविण्यासाठी एका पानाचे सूचनापत्रक तयार झाले आहे. तुकडा शोधा, दुधात ठेवा, त्याच दिवशी या, एवढाच त्याचा मजकूर आहे. शाळेच्या कार्यालयात, खेळाच्या साहित्याच्या कपाटावर ते लावावे, अशी विनंती आहे. येथे उपस्थित असलेल्या शिक्षक-पालकांनी जाताना त्याच्या प्रती न्याव्यात. प्रस्तावाची प्रतही दाराजवळील टेबलावर ठेवलेली आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत त्यावर निर्णय होईल. तत्पूर्वी आपल्या सूचना व हरकती लेखी स्वरूपात लेखा कार्यालयात पोहोचवाव्यात. ज्या ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नामुळे हे सर्व मांडण्याचा योग आला, ते आज सभागृहात आहेत. त्यांची लेखी हरकत आली तर ती आम्ही मंडळापुढे प्रथम वाचू.